वाफ्यातील गाजरगवत

मोगल काळात नाशिकला ‘गुलशनाबाद’, म्हणजे फुलांचे शहर, असे नाव होते. त्याच नाशिकच्या पंचवटीत आज फुलझाडांचा वाफा तयार करून पाहा. पहिला पाऊस पडला की झेंडू-शेवंतीच्या रोपांमध्ये गाजराच्या पाल्यासारखी करवतलेली, किंचित लवदार पाने जमिनीलगत पसरलेली दिसतील. हेच गाजरगवत. नावात ‘गवत’ असले तरी हे गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची. १९५५ च्या सुमारास ती पुण्यात आढळली आणि १९५६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे ती देशभर पसरली. ती कशी, हे समजण्यासाठी एक साधी गणना करा.

गाजरगवताचे एक पांढरे ‘फूल’ भिंगाखाली पाहा. ते अनेक पुष्पकांचा गुच्छ असते. कडेला बहुधा पाच पुष्पके दिसतील; बी फक्त त्यांनाच धरते. म्हणजे एका फुलात सुमारे ५ बिया. झाडावर ४०० फुले असतील तर बिया झाल्या २,०००. त्यांपैकी शंभरात एकच रुजली असे धरले, तरी दुसऱ्या पिढीत २० झाडे आणि तिसऱ्या पिढीत ४००! मोठे झाड तर दहा हजारांहून अधिक बिया देते. ओल मिळाली की महिना-दीड महिन्यात ते फुलते आणि वर्षात अनेक पिढ्या होतात.

आता उपाय पाहू. गाजरगवताला लव्हाळ्यासारखे कंद नसतात. एक सोटमूळ असते. झाड वरून कापले तर बुंध्याशी नवे धुमारे फुटतात, मुळासकट उपटले तर ते संपते. म्हणून फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना उपटावे. मग ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. फुललेले झाड मात्र कंपोस्टात नको. ते वाफ्यापासून दूर, हातभर खोल पुरावे आणि ती जागा पुन्हा उकरू नये.

एवढे करूनही नवी रोपे का येतात? कारण जुने बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. खोल गेलेले बी सहसा उगवत नाही. पण आपण वाफा खोल खणतो तेव्हा तेच वर येते. शेणखत, विकतची माती, पुराचा गाळ यांतूनही नवे बी येते. म्हणून वाफा वरवर खुरपावा, मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे आणि झेंडू दाट लावावा. सावलीत गाजरगवताच्या रोपांची वाढ खुंटते. मिठाचे दाट द्रावण फवारल्यास गाजरगवत जळते, पण वाफ्यात ते वापरू नये. फुलझाडेही जळतात व माती खारावते.

पावसाळ्यात पानांवर काळसर रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. गाजरगवताची पाने खाणारे हे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर येथे मुद्दाम सोडण्यात आले होते.

एक सावधगिरी घ्यायलाच हवी. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे अंगाला खाज सुटते, त्वचेवर चट्टे उठतात. परागकणांमुळे सर्दी व दमा बळावतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर रुमाल असल्याशिवाय काम करू नका. दमा किंवा त्वचाविकार असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी यापासून दूर ठेवावे व वहीत नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

नोंदी कशाच्या? शाळेच्या बागेत एक-एक मीटर लांबी-रुंदीचे दोन चौकोन आखा. एक खोल खणून उघडा ठेवा, दुसऱ्यावर न खणता चार बोटे जाड पालापाचोळा पसरा. दर शनिवारी दोन्हींतील गाजरगवताची रोपे मोजून ती उपटा. आठ आठवड्यांचे आकडे आलेखावर मांडा आणि पुढचा वाफा कसा करायचा, ते तुम्हीच ठरवा.