पडताळणीचे शास्त्र आणि सेमाडोहचा विद्यार्थी

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट ओलांडून सिपना नदीच्या काठी येतो, तेथे सेमाडोह हे गाव आहे. चिखलदरा तालुक्यातील या गावाभोवती मेळघाटचे सागवानी जंगल पसरलेले असून, १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निश्चित करण्यात आले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. परिसरात कोरकू समाजाची वस्ती मोठी आहे. वनखात्याच्या कामावर ज्यांची उमेद खर्ची पडली, अशी वडीलधारी माणसे येथे अनेक घरांत आढळतात. तोडलेल्या ओंडक्यावर क्रमांक कसा घालतात, हातोड्याचा ठसा कोठे मारतात, नोंदवहीत लांबी व गोलाई कशी लिहितात आणि वाहतूक परवान्यावरील नग गाडीतील नगांशी नाक्यावर कसे जुळवून पाहतात, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचे जे काम आज जगात चालते, त्याचा गाभा या कामाहून फारसा वेगळा नाही. शस्त्रनियंत्रण म्हटले की परिषदा, भाषणे आणि मुत्सद्द्यांची हस्तांदोलने डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात करारावर सह्या झाल्यानंतर खरे काम सुरू होते आणि ते मोजण्याचे, मोहोर लावण्याचे व ताळेबंद जुळविण्याचे असते. ते करणारी माणसे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी, कायदा किंवा भाषा शिकलेली असतात. या क्षेत्राची वाट मेळघाटातील किंवा वऱ्हाडातील विद्यार्थ्याला कोणी दाखविली आहे, असे मात्र सहसा आढळत नाही. ही उणीव शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतल्यास दूर होण्यासारखी आहे.

तारापूरचा धडा

या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात तारापूर अणुवीज केंद्राविषयी करार झाला आणि १९६९ मध्ये केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम परदेशातून यावयाचे होते. ते केवळ विजेसाठीच वापरले जाते याची खात्री पटविण्यासाठी भारत, अमेरिका आणि व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्यात १९७१ मध्ये त्रिपक्षीय करार करण्यात आला. तेव्हापासून या संस्थेचे निरीक्षक तारापूरला येत राहिले.

निरीक्षक तेथे काय करतात? इंधनकांड्यांच्या प्रत्येक जुडग्यावर क्रमांक असतो. तो केव्हा आला, केव्हा भट्टीत गेला, केव्हा बाहेर निघून पाण्याच्या खोल कुंडात ठेवला गेला, या सर्वांच्या नोंदी केंद्राने ठेवावयाच्या व निरीक्षकांनी तपासावयाच्या असतात. भट्टीत जळालेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होते, म्हणून कुंडातील जुन्या जुडग्यांचा हिशेबही नव्याइतकाच काटेकोर ठेवावा लागतो. सुमारे ८ किलोग्रॅम प्लुटोनियमचा हिशेब लागेनासा झाला, तर त्यातून एक अण्वस्त्र बनण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे मोजमापाचे प्रमाण संस्थेने धरलेले आहे. कुंडातील वापरलेल्या इंधनाभोवती पाण्यात निळसर प्रकाश दिसतो. त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. खास दुर्बिणीतून तो न्याहाळून जुडगा खरा आहे की नुसताच सांगाडा ठेवला आहे, हे निरीक्षकाला ओळखता येते.

मोहोरेची रीत तर वनखात्यातील कोणाही माणसास तत्काळ पटेल अशी आहे. संस्थेने अनेक वर्षे वापरलेली मोहोर ही धातूची एक लहानशी डबी असते. तिच्या आतल्या बाजूस वेडेवाकडे ओरखडे काढून त्यांचे छायाचित्र आधीच घेतलेले असते. दोन डब्यांचे ओरखडे कधीही सारखे नसतात. मोहोर काढल्यानंतर ती व्हिएन्नास नेऊन मूळ छायाचित्राशी ताडून पाहिली जाते. मधल्या काळात कोणी ती उघडून दुसरी लावली असेल, तर ते लपत नाही. हातोड्याच्या ठशाचे हे धाकटे भावंडच म्हणावयाचे.

तारापूरच्या कथेत कटू प्रसंगही आले. १९७४ मध्ये भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यानंतर अणुसामग्री पुरविणाऱ्या देशांनी आपला गट स्थापन केला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरच्या इंधनाचा पुरवठा अडला. १९८२ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार ते इंधन फ्रान्सने पुरविले. पुढे चीन व रशिया यांच्याकडूनही ते घेण्यात आले. मूळ कराराची मुदत १९९३ मध्ये संपली. त्यानंतरही या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखालीच राहाव्यात यासाठी भारताने १९९४ मध्ये संस्थेशी स्वतंत्र करार केला. इतकी वर्षे देशादेशांत वाद चालू असताना कुंडावरील मोजणी मात्र चालू राहिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नाक्यावर प्रामाणिक माणसाचीही गाडी थांबते व त्यात त्याचा अपमान होत नाही. उलट, तपासणी होऊन पुढे गेलेल्या गाडीबद्दल कोणी कुजबूज करीत नाही.

नोंदवहीत नसलेला ओंडका

ज्या ओंडक्यावर ठसाच पडला नाही, त्याचा पत्ता नोंदवहीतून लागत नाही. त्यासाठी जंगलात हिंडून खुंट पाहावे लागतात. जगालाही हा अनुभव १९९१ मध्ये आला. इराकमधील जाहीर केलेल्या केंद्रांची तपासणी नियमितपणे होत होती, परंतु न जाहीर केलेले मोठे काम अन्यत्र चालू होते, असे आखाती युद्धानंतर उघड झाले. तेव्हा नोंदी तपासण्याबरोबरच परिसरातील सूक्ष्म खुणा शोधण्याची पद्धत आली. निरीक्षक स्वच्छ सुती कापडाचा चौकोनी तुकडा भिंतीवर, यंत्रावर किंवा टेबलावर पुसतात आणि तो पिशवीत बंद करून ऑस्ट्रियातील सायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेकडे पाठवितात. डोळ्यांस न दिसणाऱ्या धुळीच्या कणांवरून तेथे कोणत्या प्रतीचे युरेनियम हाताळले गेले, हे सांगता येते. कापसाच्या वऱ्हाडात जन्मलेल्या विद्यार्थ्याला कापडाच्या त्या तुकड्याचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

याच कामाची दुसरी शाखा रासायनिक शस्त्रांची आहे आणि तिचा संबंध थेट शेतीशी पोहोचतो. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नवे कीटकनाशक शोधीत असताना त्यांच्या हाती टॅबुन हा विषारी पदार्थ लागला. मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या युद्धवायूंची परंपरा तेथून सुरू झाली. कपाशीवर फवारली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्याच कुळातील होत. दोहोंचा मारा शरीरातील एकाच विकरावर होतो आणि दोहोंवरील उपचारात ॲट्रोपीन हेच औषध प्रथम द्यावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुःखद घटनेनंतर या औषधाचे नाव विदर्भातील खेड्यांना अपरिचित राहिलेले नाही. जे रसायन एका कारखान्यात रंग, शाई किंवा कीटकनाशक बनविण्यासाठी लागते, तेच दुसऱ्या हाती शस्त्र होऊ शकते. म्हणूनच १९९७ मध्ये अंमलात आलेल्या रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करारानुसार साध्या कारखान्यांचीही तपासणी होते. भारताने आपला रासायनिक शस्त्रसाठा त्याच वर्षी जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखत पूर्णपणे नष्ट केला.

भारताची भूमिका

चौकस विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारील आणि शिक्षकाने तो टाळू नये. ज्या देशाने १९७४ व १९९८ मध्ये स्वतः अणुचाचण्या केल्या, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर व १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही केली नाही, त्या देशाच्या तरुणाला या कामात स्थान कोठे? भारताचा आक्षेप निःशस्त्रीकरणास नव्हता, तर मूठभर राष्ट्रांना मोकळीक व इतरांना बंदी या भेदास होता. अणुचाचण्या थांबवाव्यात ही सूचना पंडित नेहरूंनी १९५४ मध्येच लोकसभेत मांडली होती. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारावर भारताने सही केली. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रमुक्तीची योजना ठेवली. १९९६ मध्ये जिनिव्हा येथे चाचणीबंदीच्या वाटाघाटींत भारताची बाजू अरुंधती घोष यांनी मांडली, ती तिच्याशी असहमत असलेल्यांनाही लक्षपूर्वक ऐकावी लागली. २००८ नंतर झालेल्या व्यवस्थेनुसार २०१४ पर्यंत देशातील १४ अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आल्या. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या त्यांत नाहीत. कोणत्या आत व कोणत्या बाहेर, हे ठरविण्यासाठीही जाणकार माणसेच लागली. मराठी वाचकांना विज्ञानप्रसारक म्हणून परिचित असलेले टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. भा. मा. उदगावकर हे पग्वॉश या शास्त्रज्ञांच्या निःशस्त्रीकरणविषयक चळवळीत सहभागी होते. या चळवळीस १९९५ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा काळ या कामास अनुकूल नाही. अमेरिका व रशिया यांच्यातील मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीचा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, तर त्यांच्या दूर पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. करार पुन्हा कधी व्हायचे ते होतील; तोपर्यंत मोजणी जाणणारी पिढी निवृत्त होऊन गेलेली असू नये.

वाट कोठून निघते

दहावीनंतर विज्ञानशाखा सोडली की यांतील निम्मी दारे बंद होतात. गणित अवघड म्हणून ते टाळण्याचा सल्ला आदिवासी विद्यार्थ्यांना फार सहज दिला जातो, तो देण्यापूर्वी शिक्षकांनी थांबून विचार करावा. पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्रातील एम्.एस्सी., अथवा अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनी मिळविणाऱ्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, १९५७ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण विद्यालयाची निवडपरीक्षा देता येते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव जमा झाल्यानंतर व्हिएन्ना येथील निरीक्षकपदाचा, किंवा रसायनशास्त्रज्ञास हेग येथील रासायनिक शस्त्रास्त्रे प्रतिबंधक संघटनेतील पदाचा विचार करता येतो. अणुविषयक पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० मध्ये मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग आहे; दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका केंद्राच्या नावातच निःशस्त्रीकरण हा शब्द आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून परराष्ट्र सेवेत गेलेल्या अधिकाऱ्यास जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत काम करण्याची संधी मिळू शकते. सीमाशुल्क खात्याचे कामही कमी महत्त्वाचे नाही. न्हावा-शेवा येथील बंदरातून जाणाऱ्या पेटाऱ्यात साधे यंत्र आहे की २००५ च्या सामूहिक संहारक शस्त्रविषयक कायद्याखाली अडवावी अशी वस्तू आहे, हे ओळखणारा अधिकारी याच साखळीतील एक कडी होय. आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीची माहिती धारणी येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून मिळवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, हे सरपंचांना सहज करता येईल.

आश्रमशाळेतील शिक्षकास हा विषय एका तासात समजावून देता येतो. वर्गाचे पाच गट करावेत, प्रत्येकास मोजून शंभर सागाच्या बिया द्याव्यात आणि आठवडाभर गटागटांत देवाणघेवाण करू द्यावी. प्रत्येक व्यवहार दोन्ही गटांनी आपापल्या वहीत लिहावा. आठव्या दिवशी तिसऱ्याच गटाने येऊन बिया मोजाव्यात व दोन्ही वह्या समोरासमोर ठेवाव्यात. फरक बहुधा निघतोच. तेव्हा आधी मोजणी पुन्हा करावी, मग नोंदी पाहाव्यात आणि बी फुटली, हरवली की कोणी उचलली हे मुलांनीच कारणासह लिहून काढावे.