एक अक्षर आणि अनेक संगणक

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द एकाखालीं एक लिहून पाहा. पहिल्याचा अर्थ समुद्र; दुसऱ्याचा अर्थ डोंगरांमधील खोल जागा. पहिल्या शब्दांत 'र' हा रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यांत तो लहानशा आडव्या फराट्याच्या रूपानें 'या'च्या अलीकडे येतो. हा दुसरा 'र' मराठीला पदोपदीं लागतो. हिंदी किंवा संस्कृत लिहितांना त्याचें काम पडत नाहीं. एखाद्या संगणकास हा भेद कळला नाहीं, तर सह्याद्रीच्या दऱ्यांच्या जागीं समुद्र उसळेल, आणि 'आचाऱ्यास' दिलेली आज्ञा 'आचार्यास' पोहोंचून गुरुजींस चुलीपुढें बसावें लागेल! असा अनर्थ होऊं नये म्हणून काय खटपट करावी लागते, आणि तींत आपल्या पुणें शहराचा वांटा कोणता, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम कांहीं शब्दांचा अर्थ पाहूं. संगणकास करावयाच्या कामाच्या आज्ञा माणसाला वाचतां येतील अशा रूपांत लिहितात. त्यांस 'स्रोत' म्हणावें. त्यांपासून यंत्रास चालेल अशी वस्तु तयार करणें ही 'बांधणी' होय. पाककृति व पक्वान्न यांचें जें नातें, तेंच यांचें. जेथें पाककृति सर्वांस खुली असते, व ती सुधारून इतरांस देण्याची मुभा असते, तें सॉफ्टवेअर 'मुक्तस्रोत' होय. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड हे असे निरनिराळे कारभारी असून प्रत्येकाची रीत निराळी. फायलीचें नांव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलें काय किंवा लहान अक्षरांत लिहिलें काय, विंडोज तें बहुधा एकच मानतें. लिनक्स त्या दोन निराळ्या फायली समजतें. ओळ संपली हें सांगण्यास लिनक्स एक खूण वापरतें, तर विंडोज दोन. म्हणून एका ठिकाणीं सुरळीत झालेली बांधणी दुसऱ्या ठिकाणीं क्षुल्लक कारणानें अडून बसते.

आपल्या लिपीच्या बाबतींत अडचण याहून खोल आहे. 'मूर्ति' हा शब्द घ्या. युनिकोड या जागतिक संकेताप्रमाणें संगणकांत तो सहा चिन्हांनीं साठविला जातो: म, दीर्घ उकार, र, हलन्ताची खूण, त, आणि शेवटीं ऱ्हस्व वेलांटी. परंतु पडद्यावर ती वेलांटी 'त'च्या आधीं यावी लागते, आणि आधीं लिहिलेला 'र' उडी मारून 'त'च्या डोक्यावर जावा लागतो. हा क्रम लावण्याचे नियम फाँटामध्यें, म्हणजे संगणकाच्या खिळ्यांच्या संचामध्यें, लिहिलेले असतात; पण ते अमलांत आणणारा जुळारी प्रत्येक कारभाऱ्याचा वेगळा. विंडोजचा पूर्वीचा जुळारी युनिस्क्राइब, ॲपलचा कोअर टेक्स्ट, आणि लिनक्स व अँड्रॉइड यांवरील हार्फबझ. हार्फबझ हें नांव फारसी शब्दांवरून घेतलें आहे. 'तोंडांतून हरफ काढला नाहीं' असें आपण म्हणतों, त्यांतीलच हा 'हरफ'. शिवाय देवनागरीचे नियम लिहिण्याची जुनी व नवी अशा दोन पद्धती आहेत. एवढ्या सगळ्यांपुढें 'दऱ्या' ही दऱ्याच राहिली पाहिजे.

या कामीं पुण्याचा संबंध जुना आहे. 1988 सालीं येथें सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली, व तिच्या जिस्ट विभागानें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. पुढें 2004 सालीं रेड हॅट या कंपनीनें 'लोहित' नांवाचे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नांवांतील तांबड्या टोपीशीं तें चांगलेंच जुळतें. या फाँटांचे मूळ आकार पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीनें पुरविले होते, आणि त्यांची देखभाल रेड हॅटच्या पुण्यांतील अभियंत्यांनीं केली. 2011 सालीं त्यांस खास फाँटांसाठीं असलेला अधिक सोयीचा मुक्त परवाना लागू झाला. मराठी, हिंदी इत्यादि भाषांचे आरंभीं निरनिराळे असलेले लोहित फाँट पुढें एका 'लोहित देवनागरी'त एकत्र आणण्यांत आले.

यानंतर अभियंत्यांनीं जुन्या नियमांची डागडुजी करीत न बसतां ते नव्यानें लिहावयास घेतले. हेतु हा कीं, तोच फाँट हार्फबझ व युनिस्क्राइब या दोघांपुढेंही सारखाच उतरावा. नियम साध्या मजकुराच्या रूपांत ठेवल्यामुळें ते कोणासही वाचतां येऊं लागले. अशा फाँटाची परीक्षा कशी घेतात तें ऐका. अवघड जोडाक्षरांची व शब्दांची यादी करितात, आणि प्रत्येकापुढें अपेक्षित उत्तर लिहून ठेवितात. फाँटांत लहानसा जरी फेरफार झाला, तरी पुन्हां बांधणी करून संपूर्ण यादी जुळाऱ्यापुढें मांडतात, व आलेलें उत्तर अपेक्षित उत्तराशीं यंत्राकडूनच ताडून पाहतात. कारण 'ऱ्या' सुधारतांना 'र्ति' बिघडण्याचा संभव नेहमींच असतो. एक गणित सुटलें म्हणून कोणी उत्तीर्ण होत नाहीं. सारी पत्रिका सोडवावी लागते, आणि तीही प्रत्येक परीक्षकापुढें.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फराट्यासाठीं इतके श्रम कशाला? पण शाळेचा दाखला, शेताचा उतारा, निवडणुकीची यादी हीं सर्व आतां संगणकावरच तयार होतात. त्यांत नांव मोडकें उमटलें तर त्रास त्या नांवाच्या माणसास होतो, यंत्रास नव्हे. आणि स्रोत बंद असेल, तर दोष दिसूनही आपणांस धन्याची मर्जी पाहात बसावें लागतें. तो मुक्त असला म्हणजे ज्याची भाषा त्यालाच ती दुरुस्त करतां येते.

वाचकहो, या परीक्षेस मोठी विद्या लागत नाहीं. 'दऱ्या', 'मूर्ति', 'तऱ्हा', 'ॲप', 'ज्ञानेश्वर', 'उद्ध्वस्त' असे वीस शब्द निवडा, आणि घरांतील संगणक व वडिलांचा मोबाईल या दोहोंवर ते लिहून ताडून पाहा. यांतील 'ॲ' हें अक्षर युनिकोडमध्यें 2008 सालीं आलें, म्हणून फार जुन्या यंत्रावर त्याच्या जागीं रिकामा चौकोन दिसण्याचा संभव आहे. जेथें फरक आढळेल तेथें कोणतें यंत्र, कोणता कारभारी, कोणता फाँट, काय लिहिलें व काय दिसलें, या पांच गोष्टी स्वच्छ टिपून ठेवा. दोष दूर करणाऱ्या अभियंत्यास अशा टिपणाचा फार उपयोग होतो. आणि ज्याला आपली भाषा नीट येते, त्याच्याच नजरेस ते दोष प्रथम पडतात.