एकावरून सगळे

एकाने खोडी केली की आपण चटकन म्हणतो, "ती जमातच तसली!" एकाचं माप सगळ्यांना कसं लागतं, ते पाहू.

१९७६ साली अमेरिकेत हॅमिल्टन व गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गटांतल्या माणसांची कृत्ये लोकांना वाचायला दिली. मोठ्या गटाची १८ चांगली, ८ वाईट. लहान गटाची ९ चांगली, ४ वाईट. म्हणजे प्रमाण अगदी सारखं. तरी लोकांना लहान गटच अधिक वाईट वाटला! त्यांनी कारण दिलं ते असं: माणसं थोडी आणि वाईट कृत्येही थोडी, दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की मनावर ठसतात.

हीच खोड कायद्यात शिरली तर? इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपल्याकडचे पारधी, कैकाडीही त्यात ओढले गेले. चोरी न केलेल्यालाही पोलिसांकडे हजेरी लागे. १९५२ साली कायदा गेला. लोकांच्या तोंडचा शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही.

तात्पर्य, बोट दाखवण्याआधी मोजावं: किती जणांनी केलं, किती जणांनी नाही? ज्याने केलं त्याला बोलावं, त्याच्या जमातीला नव्हे.