ट्रेलरचे बिजागरीचे झाकण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातील जीपगाडीच्या मागे एक लहानसा दोन चाकांचा ट्रेलर जोडीत असत. विलीज आणि बँटम या कारखान्यांनी तो तयार केला. त्याला पाव टनी म्हणत. कारण ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलोग्रॅम भार घेऊन त्याने रस्ता नसलेल्या भूमीवरून जावे, अशी अपेक्षा असे. त्याचा पत्र्याचा हौदा इतका घट्ट जोडलेला असे की, तो पाण्यावर तरंगत असे. आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी तळाला बुचे बसविलेली असत. वरच्या बाजूस मात्र केवळ कॅनव्हासचे आच्छादन असे. युद्ध संपल्यावर असे अनेक ट्रेलर नागरिकांच्या हाती आले आणि शिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ व रानावनांत मुक्काम करणारे प्रवासी यांच्या ते उपयोगी पडू लागले.

ऑस्ट्रेलियात अशा ट्रेलरची परीक्षा विशेष कडक होते. तेथील किंबर्ली प्रदेशातून जाणारा गिब नदीचा मार्ग सुमारे ६६० किलोमीटर लांब आहे. त्याचा पुष्कळसा भाग कच्चा असून, पन्हाळी पत्र्यावर असाव्यात तशा आडव्या वळ्या त्यावर उठलेल्या असतात. गाडी तासन् तास थरथरत राहते आणि पिठासारखी बारीक तांबडी धूळ प्रत्येक फटीतून आत शिरते. कॅनव्हास येथे पुरा पडत नाही. म्हणून हौद्यावर धातूचे, बिजागरीवर उघडणारे झाकण बसवावे लागते. हे झाकण एकाच वेळी छप्परही असते आणि घडीचा तंबू वाहून नेणारा माचाही असते. दिसावयास ते पेटीच्या झाकणाइतके साधे असले, तरी त्यात झालेली चूक बोटांवर किंवा डोक्यावर येऊ शकते. म्हणून त्याचा विचार थोडा क्रमाने करू.

चौकट आणि पत्रा

उदाहरणासाठी १८० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद असा हौदा घेऊ. त्याची मापे कागदावरून न घेता प्रत्यक्ष हौद्यावरून घ्यावीत. चारही बाजू मोजल्यावर दोन्ही कर्णही मोजावेत. ते सुमारे २१६.३ सेंटिमीटर भरले पाहिजेत. कर्णांत फरक आढळला, तर हौदा काटकोनात नाही असे समजावे आणि चौकट त्याच्या खऱ्या आकाराप्रमाणे करावी. जुने ट्रेलर बहुधा थोडे पिळवटलेले असतात. वाकड्या हौद्यावर अचूक काटकोनी झाकण घट्ट बसत नाही.

चौकटीसाठी २५ मिलिमीटर बाजूची व २ मिलिमीटर जाडीची पोलादी चौकोनी नळी पुरेशी होते. भोवतालची चौकट आणि तीन आडव्या पट्ट्या मिळून सुमारे १० मीटर नळी लागते व तिचे वजन १४ किलोग्रॅमच्या आसपास भरते. वेल्डिंग करताना प्रथम कोपऱ्यांना केवळ टाके घालावेत, गुण्या लावून कोन पाहावेत, कर्ण पुन्हा मोजावेत आणि मगच जोड पूर्ण करावेत. एकाच कोपऱ्यात सतत उष्णता दिल्यास चौकट पिळवटते. म्हणून एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा घ्यावा.

वरचा पत्रा २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा घेतल्यास काठाच्या दुमडीसह त्याचे वजन सुमारे १४ किलोग्रॅम होते. तेवढाच पोलादी पत्रा ४० किलोग्रॅमच्या पुढे जातो. तेव्हा ॲल्युमिनियम घेणे श्रेयस्कर. परंतु हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले, तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. त्यांच्यामध्ये रंगाचा थर आणि रबराची पट्टी अवश्य असावी. शिवाय उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५० अंशांच्या फरकात १८० सेंटिमीटर लांबीवर हा फरक सुमारे १ मिलिमीटर होतो. म्हणून पत्रा ताठ जखडण्यापेक्षा लवचिक चिकटद्रव्याने बसवावा आणि बोल्टची भोके किंचित सैल ठेवावीत.

बिजागरी व रबर

पत्र्याच्या कडा पाच सेंटिमीटर खाली दुमडून हौद्याच्या काठाबाहेर येऊ द्याव्यात. आपल्या घरांची वळचण भिंतीपासून पुढे काढलेली असते, ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी हे करावयाचे. पागोळ्या बाहेर गळाव्यात आणि रबरापर्यंत पाण्याचा थेट मारा पोहोचू नये.

काठावर पोकळ रबराची पट्टी बसवितात. झाकण मिटल्यावर ती चोहीकडे सारखी दबली पाहिजे. येथे बिजागरीचे स्थान महत्त्वाचे ठरते. बिजागरीची कांडी रबराच्या पातळीच्या फार खाली अथवा त्याला अगदी लागून असेल, तर मिटताना त्या बाजूचे रबर प्रथम चेंगरते वा फरफटते आणि काही महिन्यांतच फाटते. कांडी रबर दबल्यानंतरच्या पातळीत आणि काठापासून थोडी बाहेर ठेवल्यास रबर सरळ खाली दबते. तीन बिजागऱ्या असतील, तर तिन्ही कांड्या एकाच रेषेत याव्यात म्हणून वेल्डिंगच्या वेळी त्यांतून एकच लांब सळई ओवून ठेवावी. रेषा चुकली, तर प्रत्येक वेळी उघडताना धातू वाकत राहतो आणि शेवटी जोड तडकतो.

पुढच्या काठावर बिजागरी असेल, तर चालताना कडी निसटली तरी वारा झाकणाला खालीच दाबतो, हा मोठा लाभ आहे. बाजूच्या काठावर बिजागरी असल्यास उचलण्याचे श्रम कमी पडतात. मात्र कड्या किमान दोन असाव्यात आणि त्यांना आपोआप न सुटणारी खीळ असावी.

भार आणि तोल

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. झाकणाचे वजन सर्व साहित्यासह ३० किलोग्रॅम आणि वर बांधलेला तंबू ५० किलोग्रॅम असे धरू. बिजागरी लांब बाजूस असेल, तर या ८० किलोग्रॅमचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर येतो. झाकण मिटलेले असताना त्याचे परिबल सुमारे ४७० न्यूटन-मीटर होते. समोरचा काठ धरून ते उचलणाऱ्या माणसाला ४० किलोग्रॅम वजन उचलल्याचे श्रम पडतात. म्हणून दोन गॅस स्प्रिंगांचे साहाय्य घ्यावे लागते. या नळ्यांत दाबाखालील नायट्रोजन वायू असतो आणि तो दांडा बाहेर ढकलीत असतो.

स्प्रिंगची शक्ती एकट्याने काही सांगत नाही. बिजागरीपासून तिच्या रेषेचे लंबांतर किती, हे पाहावे लागते. हौद्याच्या आतील बाजूस, बिजागरीपासून १० सेंटिमीटर आत व ३५ सेंटिमीटर खाली एक टोक बसविले आणि दुसरे टोक झाकणावर ४५ सेंटिमीटर अंतरावर, ५ सेंटिमीटर खाली बसविले, तर मिटलेल्या स्थितीत हे लंबांतर ३३ सेंटिमीटर येते. झाकण ७० अंश उघडल्यावर ते १४.५ सेंटिमीटर उरते. पण तेव्हा भाराचे परिबलही घटून सुमारे १६१ न्यूटन-मीटर झालेले असते. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत ६०० न्यूटन देणाऱ्या दोन स्प्रिंगा तेथे १७४ न्यूटन-मीटर देतात, म्हणजे झाकण टिकून राहते. दाबलेल्या अवस्थेत त्यांची शक्ती वाढून प्रत्येकी ७५० न्यूटनच्या आसपास झाली, तर मिटलेल्या झाकणावर त्यांचे परिबल सुमारे ४९५ होते. कडी काढताच झाकण अलगद उठू लागते.

हिशेब जुळला, म्हणून काम संपले असे मात्र समजू नये. वाचकाने येथे स्वतःला दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : तंबू काढून ठेवला तर काय होईल? ३० किलोग्रॅमच्या झाकणाचे परिबल केवळ १७६ आणि स्प्रिंगांचे ४९५. कडी सुटताच समोरचा काठ सुमारे २७ किलोग्रॅमच्या जोराने वर उसळेल. कडीवर वाकून पाहणाऱ्याच्या हनुवटीला तो आघात पुरेसा आहे. तंबू काढल्यास स्प्रिंगाही काढाव्यात किंवा कमी शक्तीच्या लावाव्यात.

दुसरा प्रश्न : रात्री थंडी पडली तर? तापमान २० अंशांवरून उणे १० अंशांवर आल्यास वायूचा दाब सुमारे दहावा हिस्सा घटतो. उघड्या झाकणावरील १७४ न्यूटन-मीटर मग १५७ होतात आणि भार १६१ आहे. सायंकाळी निश्चल उभे राहिलेले झाकण पहाटे, कोणी चहाची पेटी शोधीत असताना, खाली येऊ शकते. वायू हळूहळू गळून स्प्रिंग दुबळी होते, तेव्हाही हेच घडते. म्हणून स्प्रिंग ही उचलण्यासाठी असते, धरून ठेवण्यासाठी नव्हे, हा नियम पाळावा. धरून ठेवण्यासाठी लोखंडी टेकू हवा. तो खाचेत बसल्याखेरीज कोणीही हात किंवा डोके आत घालू नये.

शेवटी संपूर्ण ट्रेलरच्या तोलाचा विचार करावा. दोन चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर असेल, तर तो स्थिर स्थितीत ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तोल सांभाळतो. तंबूमुळे गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर गेला, तर ही मर्यादा ३८ अंशांवर येते. चालताना बसणारे हेलकावे ती आणखी कमी करतात. झाकण उघडले की भार वर जातो आणि एका बाजूसही सरकतो. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी त्या बाजूचे टेकणपाय आधी टेकवावेत, मग कडी काढावी.

झाकण तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे. आत दिवा ठेवून अंधारात बाहेरून पाहावे. जेथून प्रकाश दिसेल तेथून धूळ जाईल. मग खराब रस्त्यावर काही किलोमीटर जाऊन प्रत्येक बोल्ट तपासावा. हे काम घराच्या अंगणात करता येते, दूरच्या माळरानावर ते करण्याची वेळ येऊ नये.