पोलाद, शिसं आणि पडदा

१. कागदावर दिसते ती शाई. अक्षर तिच्यामागे कुठेतरी असतं. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या संस्कृत पुस्तकाचं एक पान स्कॅन करून भरपूर मोठं केलं आणि ‘मूळ अक्षर जसंच्या तसं फॉन्टमध्ये उतरवू’ हा माझा तोरा तिथेच गळाला. एकाच ओळीत तीन ‘क’ आणि तिघांच्या तीन तऱ्हा. एकाची गाठ शाईनं बुजलेली, दुसरा दाब कमी पडल्यानं फिका, तिसऱ्याच्या शिरोरेषेला टवका. पंच, म्हणजे अक्षराचा पोलादी ठसा, कोरणाऱ्यानं त्यावर नेमकं काय काढलं होतं, ते या तिघांच्या साक्षीवरून ठरवायचं. पुनरुज्जीवन हा शब्द भारदस्त आहे. निम्मं काम अंदाजपंचे.

२. बारीक टाइप म्हणजे थोरल्या टाइपाची लहान केलेली प्रत नव्हे. धातूच्या काळात प्रत्येक आकाराचे पंच वेगळे कोरत. मल्लिनाथाच्या टीकेसह छापलेलं कालिदासाचं ‘रघुवंश’ उघडा. श्लोक ऐटदार थोरल्या टाइपात, टीका खाली बारीक टाइपात. मी अर्थातच श्लोकाच्या अक्षरांवर भाळलो. फोनवर मात्र त्यांच्या नाजूक रेषा विरून जात. टीकेचा टाइप पुन्हा नीट पाहिला, तर रेषा जाड राखलेल्या, पोटं मोकळी सोडलेली. छोट्या जागेत वाचलं जायचं कसं, हे त्याला आधीच ठाऊक होतं. फॉन्ट शेवटी टीकेवरच बेतला. कालिदास राहिला बाजूला.

३. आपण वारस वगैरे आहोत असं मला फार लवकर वाटू लागतं. अशा वेळी आठवावं, की १८६९ मध्ये निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासत होते. आणि राणोजी रावजी आरूंसारखा कारागीर ही अक्षरं पोलादात कोरायचा. चुकल्यावर मागे फिरायची सोय त्याच्याकडे नव्हती.

४. जुन्या छपाईतली अडचण कुठली आणि डौल कुठला, हे सांगणं सर्वांत अवघड. पहिल्या वेलांटीचा खिळा, म्हणजे धातूचा टाइप, ठरावीक रुंदीचा. ‘कि’वर ती बरोबर बसते, ‘क्ति’वर तोकडी पडते. संगणकात मला हव्या तेवढ्या रुंदीच्या वेलांट्या करता येतात. केल्या. प्रत्येक कमान आपापल्या दंडावर चोख टेकली आणि पान एकदम शहाण्या मुलासारखं दिसू लागलं. मग काही वेलांट्या मुद्दाम आखूड केल्या. का, असं विचाराल तर पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

५. जे मुळात नव्हतंच, त्याचं काय? त्या संस्कृत पानांत ‘ङ्क्ष’ सापडतो, पण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ कुठून असणार? रुपयाचं चिन्ह तर २०१० चं. ‘बॅटरी’, ‘ऑफिस’, ‘₹’ यांची अक्षरं जुन्याच हाताची वाटावीत म्हणून सर्वांत जास्त घाम इथे गाळला. चाचणीला दिलेल्या मित्रांनी नेमकं ‘ऑफिस’चंच कौतुक केलं: “जुनं वळण छान पकडलंयस!”

६. छापखाने बंद पडले तसे खिळे वितळले, शिसं वजनावर विकलं गेलं. बऱ्याच टाइपांची आता फक्त पुस्तकंच उरलीत. तुमच्या माळ्यावर जुनं पंचांग, पोथी, व्याकरण काही असेल, तर रद्दीत घालण्याआधी एखाद्या अक्षरकाराला दाखवा. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल. तळटीपा शाबूत हव्यात.