दोन सुया, एक दोरा

मागच्या पावसाळ्यात माझ्या पिशवीचा पट्टा तुटला. कॉलेजच्या फाटकाजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांनी तो पाच मिनिटांत शिवून दिला आणि तीस रुपये मागितले. “पाच मिनिटांच्या कामाचे तीस?” असे म्हणून मी वीसच हातावर ठेवले. काका काही बोलले नाहीत. पुढे दिवाळीच्या सुटीत मी घरीच चामड्याची हँडबॅग करायला घेतली आणि त्या दहा रुपयांचा हिशेब मला कळला. तो सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम चामड्याविषयी. कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक क्रोमियमच्या क्षारांची, दुसरी वनस्पतींची. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. हाताच्या कामाला हेच बरे, कारण ते आकार धरते आणि त्याची कड घासून गुळगुळीत होते. घेताना कापलेली कड पाहावी. क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. जाडी सुमारे २ मिलिमीटर पुरे.

आधी पुठ्ठ्याचे नमुने कापावेत. माझ्या बॅगेचा पुढचा भाग ३० × २२ सेंटिमीटर. मागचा भाग व झाकण सलग, ३० × ४५. दोहोंमधली पट्टी ८ सेंटिमीटर रुंद. खालचे कोपरे गोल ठेवल्याने तिची लांबी ७२ सेंटिमीटर भरली. कापायला धारदार रापी हवी. खांद्याचा पट्टा आणि चापाचे बटण आधीच लावावे. बॅग जोडून झाल्यावर आत हात नीट पोचत नाही.

आता शिवण. कंपासपेटीतला डिव्हायडर ४ मिलिमीटरवर ठेवून कडेने खुणा कराव्यात व आरीने भोके पाडावीत. शिवायच्या लांबीच्या चौपट दोरा घेऊन त्याला मेण चोळावे आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यावा. पुढे प्रत्येक भोकातून आधी एक सुई, मग समोरून दुसरी काढावी आणि दोन्ही टोके सारख्या जोराने ओढावीत. शेवटी दोन-तीन टाके उलट घालावेत. हा खोगीर शिवणाऱ्यांचा टाका. यंत्राच्या शिवणीत एक दोरा तुटला की टाके सुटत जातात. इथे प्रत्येक भोकात दोरा दोनदा गेलेला असल्याने एक झिजला तरी दुसरा धरून ठेवतो.

पॅरिसची एर्मेस पेढी १८३७ साली घोड्यांचे सामान बनवण्यापासून सुरू झाली. तिची १९८४ पासूनची ‘बर्किन’ बॅग लाखो रुपयांना विकली जाते. तिलाही हाच टाका घालतात. फाटकाजवळच्या काकांचा टाकाही हाच होता!

माझा पहिला प्रयत्न फसला. भोके वाकडी गेली. कापडावरची शिवण उसवता येते, पण चामड्यातले भोक बुजत नाही. पुढचा भाग नव्याने कापावा लागला. दुसऱ्या खेपेस एका बाजूला १८० याप्रमाणे ३६० टाके घातले. एका टाक्याला एक मिनिट धरले तरी सहा तास झाले! बोटांवर दोऱ्याचे वळ उठले. शेवटी कडा सँडपेपरने घासल्या, थोडे पाणी लावून लाकडी दांडीने चोळल्या आणि वर मेण फिरवले.

सुटी संपल्यावर बॅग काकांना दाखवली. त्यांनी शिवणीवरून नख फिरवले. “शिवण बरी आहे पोरी, पण कडेला घाई केलीस.” मग आरी कशी धरायची ते माझ्या हातात देऊन दाखवले. इतके दिवस मी ती मुठीत आवळत होते.

मित्रमैत्रिणींनो, पाच मिनिटांचे काम पाच मिनिटांत व्हावे म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षे बोटांवर वळ घेतलेले असतात. आपण पैसे मिनिटांचे मोजतो आणि ती वर्षे फुकट मागतो. उरलेले दहा रुपये मी काकांपुढे ठेवले. त्यांनी ते घेतले, आणि ते योग्यच होते.