आईला बोट लागेल का?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणार आहोत. आईला (वय ६८) घाटात गाडी लागते. काय तयारी करावी?

उत्तर : आईंना जरूर न्या. पावसाळ्यानंतर अरबी समुद्र बराच शांत असतो आणि मोठ्या जहाजाला डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात. मात्र केबिन आत्ताच नीट निवडा: खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागातली. टोकांना हेलकावे जास्त बसतात. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचा मोह या वेळी टाळाच.

कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल टिपतो, पण बंद खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून अस्वस्थ वाटताच डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं. मोबाइल, वाचन बंद. पोट रिकामं ठेवू नये, तेलकटही खाऊ नये. आलेपाक जवळ असू द्या.

गोळी उलटी सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. पण अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, या वयात तोल जाऊन पडण्याची भीती असते. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठं सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचतं.